ठरावामागचे सभासद : रावबहादूर बोले

महाडच्या चवदार तळ्याची हकीकत आपणां सर्वांना शाळेपासून ठाऊक आहे. परंतु त्या सत्याग्रहाला कायद्याचा आधार ज्या ठरावाने दिला, तो ठराव मांडणारा गृहस्थ मात्र विस्मृतीत गेला आहे. ते गृहस्थ म्हणजे मुंबई कायदेमंडळाचे सभासद कै. रावबहादूर सीताराम केशव बोले.

बोले यांचा जन्म १८६८ साली भंडारी समाजात झाला. ज्ञातीची सुधारणा, शिक्षणाचा प्रसार आणि गिरणी कामगारांचे हित या कामांत त्यांचे तारुण्य गेले. मुंबईत कामगारांच्या अगदी आरंभीच्या संस्थांपैकी एक असलेल्या 'कामगार हितवर्धक सभे'च्या प्रमुख चालकांत ते होते. भीमराव आंबेडकर नावाचा एक मुलगा मॅट्रिक झाला, तेव्हा त्याच्या अभिनंदनाची सभा भरली. तिचे अध्यक्ष बोले होते. त्याच सभेत कृ. अ. केळुसकर गुरुजींनी आपले बुद्धचरित्र त्या मुलाला भेट दिले.

पुढे बोले कायदेमंडळात गेले. ४ ऑगस्ट १९२३ रोजी त्यांचा ठराव संमत झाला. सरकारी पैशातून बांधलेल्या वा चालविलेल्या विहिरी, पाणवठे, धर्मशाळा, तसेच शाळा, न्यायकचेऱ्या व दवाखाने अस्पृश्य मानलेल्या वर्गांना खुले असावेत, असा त्याचा आशय होता. बोले यांनी येथे धर्मशास्त्राचा काथ्याकूट केला नाही. पैसा सर्वांचा, तर पाणीही सर्वांचे, एवढाच त्यांचा साधा हिशेब होता. सप्टेंबरात सरकारने त्याप्रमाणे आज्ञा काढली. त्या काळी बेळगाव, धारवाड, विजापूर व कारवार हे जिल्हेही मुंबई इलाख्यातच असल्यामुळे मराठी आणि कानडी अशा दोन्ही मुलखांशी या ठरावाचा संबंध होता.

पण कागद पुढे गेला आणि घागर जागच्या जागी राहिली. स्थानिक संस्थांनी ठराव दप्तरात बांधून ठेवला. तेव्हा ऑगस्ट १९२६ मध्ये बोले यांनी दुसरा ठराव आणला : ज्या नगरपालिका व लोकल बोर्डे अंमलबजावणी करणार नाहीत, त्यांचे अनुदान बंद करावे. नुसत्या सदिच्छेने काम होत नाही, तिजोरीची किल्ली फिरवावी लागते, हे त्यांनी ओळखले होते. त्याच वर्षी दादरच्या सार्वजनिक गणेशोत्सवात अस्पृश्यांना पूजेचा हक्क मिळावा म्हणून जी चळवळ झाली, तीत डॉ. आंबेडकर व प्रबोधनकार ठाकरे यांच्यासमवेत बोलेही होते.

महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली तळे खुले केल्याचा ठराव केला होता, तरी पाण्याला हात लावण्याची सोय नव्हती. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर व त्यांचे हजारो अनुयायी ते पाणी प्याले, आणि त्यांच्यावर मारहाणीचा प्रसंग गुदरला. पुढे ४ ऑगस्ट १९२७ रोजी, म्हणजे बोले-ठरावाला बरोबर चार वर्षे झाली त्याच दिवशी, नगरपालिकेने आपला ठराव रद्द केला! हा वाद न्यायालयात गेला आणि मार्च १९३७ मध्ये हायकोर्टाने अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला. एका ओंजळीसाठी चौदा वर्षे लागली.

मग बोले यांचा ठराव व्यर्थ होता काय? तसे म्हणता येणार नाही. त्या ठरावामुळे महाडचे सत्याग्रही कोणाची मेहेरबानी मागत नव्हते. मान्य झालेला हक्क बजावीत होते. आपल्या राज्यघटनेच्या पंधराव्या कलमात सरकारी निधीतून चालणाऱ्या विहिरी व तलाव यांचा उल्लेख आहे. तो वाचताना १९२३ च्या ठरावाची आठवण झाल्यावाचून राहत नाही. १९५० साली ती घटना अमलात आलेली बोले यांनी पाहिली. १९६१ साली ते निवर्तले.

मित्रहो, ठराव मांडणारा एक असतो आणि पाण्यात उतरणारे हजारो असतात. इतिहासाला दोघांचीही गरज लागते. आपल्या गावच्या पाणवठ्यावर आज कोण उभा राहू शकतो आणि कोण नाही, हे एकदा डोळे उघडे ठेवून पाहिले, तरी रावबहादूरांचे स्मरण सार्थकी लागेल.