बाळू पालवणकर : परिश्रमातून घडलेला गोलंदाज

लेण्यांच्या पायथ्याशी वसलेल्या या फर्दापुरात मैदानावर प्रथमच चेंडू हाती घेणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला आम्ही बाळू पालवणकर यांचे चरित्र आवर्जून सांगतो. गोलंदाजीचा पाया कशाने पक्का होतो, हे त्याहून स्पष्टपणे क्वचितच सांगता येईल.

पालवणकरांचे मूळ गाव कोकणातील पालवण. चर्मकार कुटुंबात 1876 साली धारवाड येथे त्यांचा जन्म झाला. पुण्यात एका पारशी क्लबच्या मैदानाची झाडलोट व खेळपट्टीवर रूळ फिरविणे ही त्यांची पहिली नोकरी. वेतन महिना तीन रुपये. पुढे युरोपियनांच्या पूना क्लबमध्ये साहेबांना सरावासाठी चेंडू टाकण्याचे काम त्यांच्याकडे आले. फलंदाजीचा मान त्यांना नव्हता. चेंडू टाकण्याचे कष्ट तेवढे वाट्याला आले होते. त्या कष्टांचीच त्यांनी विद्या केली.

जे. जी. ग्रेग हे नामांकित फलंदाज. बाळूंनी त्यांना बाद केले की आठ आणे बक्षीस मिळे, असे सांगतात. तासन्‌तास चेंडू टाकताना या डावखुऱ्या तरुणाचा टप्पा अचूक झाला, दिशा स्थिर झाली. मग फिरक, उंची आणि वेग यांत बदल करून फलंदाजाला चकविणे साधले. नवशिक्यासाठी क्रम हाच आहे : आधी टप्पा, नंतर फिरक.

पुण्याच्या हिंदू संघाने त्यांना मैदानावर घेतले. परंतु चहा मात्र तंबूबाहेर, मातीच्या भांड्यात दिला जाई. चेंडूला विटाळ नव्हता, चेंडू टाकणाऱ्या हाताला होता! पुढे मुंबईत 1906 साली हिंदू संघाने युरोपियनांना 109 धावांनी हरविले, त्या विजयात बाळूंचा वाटा मोठा होता. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरावर बळी घेतले. तरीही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधीच लाभले नाही. 1923 साली धाकटे बंधू विठ्ठल यांना ते मिळाले आणि संघ विजयी झाला.

1937 च्या निवडणुकीत बाळू काँग्रेसतर्फे बाबासाहेबांच्या विरोधात उभे राहिले व पराभूत झाले. हा इतिहास आम्ही लपवीत नाही. राजकारणात आमचा मार्ग बाबासाहेबांचाच. पण बाळूंच्या कर्तृत्वाचे ऋण त्यामुळे कमी होत नाही. 4 जुलै 1955 रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

तथागतांनी सांगितलेल्या अष्टांगिक मार्गात सम्यक व्यायाम, म्हणजे योग्य दिशेने केलेला अखंड प्रयत्न, हे एक अंग आहे. आमच्या विद्यार्थ्यांनी एकाच टप्प्यावर शंभरदा चेंडू टाकावा, तो याच भावनेने. बाळूंना मैदान झाडून चेंडू मिळवावा लागला. आज तो प्रत्येक मुलामुलीच्या हाती सन्मानाने दिला जावा आणि पाण्याचा पेला सर्वांसाठी एकच असावा, एवढी जबाबदारी आपणा सर्वांची आहे.