ह्यूबर्ट सेसिल बूथ : धूळ पकडणारा इंजिनियर

केरसुणीनें घर झाडलें म्हणजे घर स्वच्छ झालें, अशी आपणां सर्वांची समजूत असते. परंतु सकाळच्या कवडशांत नाचणारे कण ज्यानें पाहिले असतील, त्यास धूळ घराबाहेर गेली नाहीं, केवळ जमिनीवरून उठून हवेंत गेली, हें सांगावयास नको. घटकाभरानें ती पुन्हां खालीं बसते, आणि मधल्या वेळांत आपण ती श्वासावाटें आंत घेतों. धूळ हालविणें आणि धूळ पकडणें हीं दोन निरनिराळीं कामें आहेत, हें ज्या इंग्रज इंजिनियरानें जगाच्या नजरेस आणून दिलें, त्याचें चरित्र आम्हीं आज विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें ठेवीत आहों. ज्या मुलांनीं घरच्या पडवींत व्हाइस, कानस, ड्रिल आणि एखादें लहानसें लेथ-यंत्र मांडून लोखंडकामाचा नाद लावून घेतला आहे, त्यांनीं तें अवश्य वाचावें.

ह्यूबर्ट सेसिल बूथ यांचा जन्म ता. ४ जुलै १८७१ रोजीं इंग्लंडांतील ग्लॉस्टर येथें झाला. तेथील शालेय शिक्षण संपवून १८८९ सालीं ते लंडनच्या सेंट्रल टेक्निकल कॉलेजांत दाखल झाले, व तीन वर्षें स्थापत्य आणि यंत्रशास्त्र यांचा अभ्यास करून १८९२ च्या अखेरीस मॉडस्ले, सन्स अँड फील्ड या कारखान्यांत कामास लागले. स्क्रूचे आंटे अचूक कापणारें लेथ घडविल्याबद्दल ज्यांचें नांव कारागिरांत आजही आदरानें घेतलें जातें, त्या हेन्री मॉडस्ले यांनींच हा कारखाना काढला होता. बूथ यांनीं तेथें आरमारी जहाजांच्या एंजिनांचें काम केलें; शिवाय जत्रेंतील पाळण्याचें विराट रूप म्हणावें अशीं प्रचंड चक्रें आंखण्यांत त्यांचा हात होता. लंडन, ब्लॅकपूल, व्हिएन्ना आणि पॅरिस या शहरीं तीं उभीं राहिलीं. सारांश, केरकचऱ्याशीं ज्याचा कांहीं संबंध येऊं नये असा हा पोलादाचा इंजिनियर होता.

१९०१ सालीं लंडनच्या एंपायर म्युझिक हॉलमध्यें एका अमेरिकन गृहस्थानें सफाईच्या एका नव्या यंत्राचा प्रयोग करून दाखविला. तें पाहावयास बूथ गेले होते. यंत्रांतून दाबलेल्या हवेचा झोत गालिच्यावर सोडावयाचा, म्हणजे धूळ उसळून वरच्या पेटींत जाऊन पडेल, अशी त्याची कल्पना होती. धूळ उसळली खरी. पण पेटींत गेली थोडी आणि राहिलेली पुन्हां गालिच्यावर येऊन बसली. फुंकण्याऐवजीं ओढून कां घेत नाहीं, असें बूथ यांनीं त्या गृहस्थास विचारलें. त्यास हा प्रश्न रुचला नाहीं. ती गोष्ट अशक्य आहे असें सांगून तो निघून गेला.

बूथ मात्र तो प्रश्न डोक्यांत घेऊन घरीं गेले. कांहीं दिवसांनीं ते एका उपाहारगृहांत बसले असतां त्यांनीं मखमली खुर्चीवर आपला हातरुमाल पसरला, त्याला तोंड लाविलें आणि जोरानें श्वास आंत ओढला. त्यांस जबरदस्त ठसका लागला. परंतु रुमाल उलटून पाहतात तों त्याच्या खालच्या बाजूस धुळीचा काळा डाग उमटलेला! हवा कापडांतून पार गेली होती आणि धूळ कापडानें अडविली होती. पुढें त्यांनीं जें यंत्र केलें, त्याचें सगळें मर्म या रुमालांत आहे. पंप कितीही जोराचा असला, तरी मध्यें गाळणारें कापड नसेल तर तो एका बाजूची धूळ दुसऱ्या बाजूस फेंकील, एवढेंच.

ता. ३० ऑगस्ट १९०१ रोजीं त्यांनीं या कल्पनेचें पेटंट घेतलें. चोखंदळ वाचकांसाठीं सांगावयास हवें कीं, हवा ओढून सफाई करण्याचा प्रयत्न करणारे ते पहिलेच नव्हते. अमेरिकेंत मॅकगॅफी यांनीं १८६९ सालींच हातानें फिरविण्याचें तसलें एक यंत्र केलें होतें. मात्र एंजिनाच्या शक्तीनें तें काम पार पाडून त्याचा व्यवसाय उभारण्याचें, आणि 'व्हॅक्यूम क्लीनर' हें नांव रूढ करण्याचें श्रेय बूथ यांस दिलें जातें.

त्यांचें पहिलें यंत्र घरांत मावण्याजोगें नव्हतेंच. घोड्यांच्या गाडीवर तेलाचें एंजिन आणि पंप बसविलेला. गाडी रस्त्यावर उभी करावयाची आणि खिडक्यांतून लांबच लांब नळ्या आंत सोडावयाच्या. लोकांनीं त्याला 'पफिंग बिली' असें गमतीचें नांव ठेविलें. श्रीमंत बायका मैत्रिणींना चहाला बोलावून ही सफाई दाखवीत. नळीचा कांहीं भाग पारदर्शक असल्यामुळें आपल्याच गालिच्यांतली धूळ धांवतांना पाहावयास मिळे. इकडे त्या आवाजानें रस्त्यांवरचीं घोडीं बुजत व भाडोत्री गाडीवाले कोर्टांत धांव घेत. १९०२ सालीं सातव्या एडवर्ड बादशहांच्या राज्याभिषेकापूर्वीं वेस्टमिन्स्टर ॲबेमधील गालिचे याच यंत्रानें स्वच्छ झाले, आणि मग राजवाड्यांतूनही त्यास मागणी आली.

लंडनच्या टांकसाळींतली गोष्ट आम्हांस सर्वांत अधिक आवडते. तेथील सफाई आटोपून बूथ यांची गाडी निघाली असतां पहारेकऱ्यांनीं ती अडविली, असें सांगतात. यंत्रांत टांकसाळींतील रुप्याचा पुष्कळसा चुरा गोळा झाला होता आणि तो काढून देण्याचें राहून गेलें होतें! आपल्याकडे सोनाराच्या दुकानांतला केर धुऊन त्यांतून सोनें काढणारे झारेकरी असत. त्यांस या प्रकाराचें मुळींच नवल वाटलें नसतें.

घरच्या लहान कारखान्यांत रुपें सांपडणार नाहीं. सांपडेल तो लोखंड, पितळ व ॲल्युमिनियम यांचा कीस. तेथें मुलें काय करतात? तोंडानें फुंकतात, नाहींतर दाबलेल्या हवेचा झोत मारतात. म्हणजे त्या अमेरिकन गृहस्थाचीच चूक! तीक्ष्ण कण डोळ्यांत उडतात, यंत्राच्या सांध्यांत शिरतात, आणि बारीक असतात ते फुप्फुसांत जातात. यास्तव धूळ ओढणारें यंत्र घ्यावें. पण घरांतलें गालिच्याचें यंत्र तेथें नेऊं नये. कांहीं घरगुती यंत्रांत कचऱ्याची हवा पंख्यांतूनच जाते व धातूचे कण पंखा खरवडून काढतात. ज्याची मोटर वरच्या बाजूस व वेगळ्या हवेनें थंड राहणारी आहे, टांकी पत्र्याची आहे आणि नळी रुंद आहे, असें पिंपाच्या आकाराचें यंत्र बरें. त्याच्या अलीकडे झांकणाचा एखादा रिकामा डबा नळीच्या वाटेंत जोडला, तर जड कीस त्यांतच पडतो व गाळणीवर बारीक धूळ तेवढी येते. दुकानदार मोटरीची शक्ति सांगेल. पालकांनीं आधीं गाळणी पाहावी. लेथवरून निघणाऱ्या लांब कुरळ्या तारा नळींत अडकतात व हात कापतात. यंत्र बंद करून त्या आंकड्यानें ओढून काढाव्या. ग्राइंडरच्या ठिणग्या पुऱ्या निवल्याखेरीज कांहीं ओढूं नये, आणि ज्या यंत्रांत लांकडाचा भुसा आहे त्यांत तर नाहींच. आंतल्या आंत आग धुमसत राहते. ॲल्युमिनियम व मॅग्नेशियम यांच्या बारीक भुकटीचा स्फोटही होऊं शकतो, म्हणून ती साध्या यंत्रानें मुळींच ओढूं नये, व लोखंडाच्या धुळींत मिसळूं देऊं नये.

आतां पुन्हां बूथ यांच्याकडे वळूं. पहिल्या महायुद्धांत लंडनच्या क्रिस्टल पॅलेस या कांचेच्या अवाढव्य इमारतींत आरमाराचे राखीव खलाशी ठेविले होते. त्यांच्यांत मेंदूज्वराची सांथ उठली, व वर्षानुवर्षें सांचलेल्या धुळीवर संशय आला. बूथ यांचीं यंत्रें बोलावण्यांत आलीं. त्यांनीं जमीन, भिंती आणि वरच्या तुळयांवरून २६ टन धूळ काढून नेली. त्यानंतर सांथ ओसरली. हा ज्वर दाटीवाटीनें राहणाऱ्या माणसांत एकाकडून दुसऱ्यास होतो, हें आज ठाऊक असल्यामुळें आम्ही सगळें श्रेय सफाईस देणार नाहीं. परंतु एका छपराखालून निघालेल्या २६ टनांचा आंकडा वाचून कोणीही थक्क व्हावें.

घरोघरीं जाणारें लहान यंत्र मात्र बूथ यांच्या हातून आलें नाहीं. अमेरिकेंतील कँटन गांवीं एका दुकानांत झाडलोट करणारे जेम्स मरे स्पँगलर यांस दम्याचा विकार होता व झाडतांना उडणाऱ्या धुळीनें ते हैराण होत. त्यांनीं पंखा, केरसुणीचा दांडा आणि उशीचा अभ्रा जोडून हातांत धरण्याचें यंत्र बनविलें. १९०८ सालीं त्यांस पेटंट मिळालें, तें हूव्हर नांवाच्या कातडी मालाच्या व्यापाऱ्यानें विकत घेतलें आणि पुढें हूव्हरचेंच नांव घराघरांत झालें. तेथेंही धूळ अडविणारें होतें कापडच.

बूथ यांस दीर्घ आयुष्य लाभलें. ता. १४ जानेवारी १९५५ रोजीं क्रॉयडन येथें ते वारले. व्हिएन्नाचें १८९७ सालचें चक्र १९४४ मध्यें युद्धाच्या आगींत सांपडलें होतें. तें दुरुस्त झालें आणि अजून फिरत आहे.