दांतांचा अभ्यासक जॉन हंटर

उल्हास नदीच्या खोऱ्यांतील आपल्या कोंडाण्यासारख्या गांवीं मुलाचा दुधाचा दांत पडला, म्हणजे तो कौलांवर फेकून नव्या दांताची वाट पाहण्याची चाल आहे. परंतु पडलेला दांत तरी प्रथम कोठें घडला? मूल सहा-सात महिन्यांचें झालें म्हणजे तो हिरडींतून वर येतो; पण त्याची घडण आईच्या उदरांतच सुरू झालेली असते. ही गोष्ट स्वतः पाहून नीट मांडणाऱ्यांमध्यें जॉन हंटर या शस्त्रवैद्याचें नांव अग्रभागीं आहे.

हंटर याचा जन्म १७२८ सालीं स्कॉटलंडांत ग्लासगो शहराजवळ झाला. दहा भावंडांत तो धाकटा. शाळेच्या पुस्तकांत त्याचें मन रमेना; रानांतील पशुपक्ष्यांकडेच त्याचें लक्ष असे. १७४८ सालीं तो लंडन येथें आपला वडील बंधु विल्यम याच्या शरीररचनेच्या शाळेंत मदतनीस म्हणून गेला आणि तेथें शवविच्छेदनांत निष्णात झाला. पुढें कांहीं वर्षें लष्करांत शस्त्रवैद्याचें काम करून १७६३ च्या सुमारास तो परतला व एका दंतवैद्याबरोबर काम करूं लागला. त्याचा दांतांवरील प्रसिद्ध ग्रंथ १७७१ सालीं निघाला.

जन्मापूर्वींच मृत झालेल्या अर्भकांचे जबडे त्यानें उघडून पाहिले. तीन-चार महिन्यांच्या गर्भाच्या जबड्यांत त्याला लहान लहान कप्पे व त्यांत मऊ गर आढळला. या गरावरच पुढें कठीण दांत चढत जातो. डुकराच्या पिलांना मंजिष्ठेच्या जातीचीं मुळें चारून त्यानें असेंही पाहिलें कीं, त्या दिवसांत बनलेला दांताचा भाग तांबडा होतो, आधीं बनलेला पांढराच राहतो. आज आपणांस याहून अधिक ठाऊक आहे. गर्भ सहा आठवड्यांचा असतांना दांतांची पट्टी दिसूं लागते; नंतर तिच्यावर कळ्या फुटतात; चौथ्या महिन्यांत चुन्याचे क्षार सांचूं लागतात. प्रथम दांताचा माथा होतो, मूळ मागाहून. वीसही दुधाच्या दांतांचा आरंभ जन्मापूर्वींच झालेला असतो. म्हणून गरोदर मातेच्या ताटांत दूध, नाचणी, पालेभाजी असणें हें बाळाच्याही हिताचें आहे, हें पालकांनीं ध्यानांत ठेवावें.

परंतु हंटरच्या चरित्राला दुसरीही बाजू आहे. त्या काळीं लंडनच्या अशा शाळांत येणारीं शवें पुष्कळदां रात्रीं कबरी उकरून आणलेलीं असत, आणि तीं बहुतेक गरिबांचीं. शिवाय एका कोंबड्याच्या तुऱ्यांत मानवी दांत रोवून तो रुजला असें त्यानें दाखविलें, आणि एकाचा दांत दुसऱ्याच्या मुखांत बसवितां येतो या मताचा पुरस्कार केला. परिणाम असा झाला कीं, गरीब मुलें चार पैशांसाठीं आपले निरोगी दांत उपटून देत आणि ते श्रीमंतांच्या मुखांत बसविले जात. असे दांत फार काळ टिकत नसत. कित्येकांना त्यांपासून रोगही झाले. अखेर ती चाल मागें पडली. ज्यानें दांत कसा घडतो हें इतक्या बारकाईनें पाहिलें, त्याला दांत देणाऱ्या मुलाचें दुःख तितकें दिसलें नाहीं.

१७९३ सालीं हंटर वारला. त्याचा हजारों नमुन्यांचा संग्रह ब्रिटिश सरकारनें १७९९ सालीं विकत घेतला. देवीच्या लशीचा प्रवर्तक एडवर्ड जेन्नर हा त्याचाच शिष्य. ती लस १८०२ सालीं मुंबईस पोंचली व असंख्य बालकांचे प्राण वांचले. गुरूचें ज्ञान असें दूरवर फळास आलें.

विद्यार्थ्यांनो, हंटरप्रमाणें स्वतःच्या डोळ्यांनीं पाहावयास शिका. परंतु परमेश्वरानें जें बाळ उदरांतच इतक्या काळजीनें घडविलें, तें गरिबाचें असो वा श्रीमंताचें, त्याचें मोल सारखेंच, हेंही विसरूं नका. ज्ञानाला दयेची जोड नसेल, तर त्याची किंमत दुबळ्यांनाच द्यावी लागते.