कागदांच्या वाटेने जगदीशचंद्रांकडे

आचार्य जगदीशचंद्र बोस हे नाव उच्चारले की आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांसमोर लाजाळूचे झाड उभे राहते. वनस्पतींनाही संवेदना असतात हे त्यांनी दाखवले, एवढीच त्यांची ओळख शालेय पुस्तकांनी आपल्याला करून दिली. मी कलाशाखेचा विद्यार्थी. विज्ञानाच्या प्रयोगशाळेशी माझा संबंध शाळेबरोबरच संपला. तरीही हे चरित्र मला पुन्हा वाचावेसे वाटले, त्याला कारण वेगळे आहे.

एखादा शोध कोठे जन्मला आणि कोणाच्या हातून कोणाकडे गेला, हे शोधनिबंध व पेटंटे यांच्या तारखा एकापुढे एक मांडून पाहण्याची एक रीत आहे. निबंधावरून कोणाला काय केव्हा ठाऊक होते ते कळते. पेटंटावरून कोणी कशावर हक्क सांगितला ते कळते. आणि एकाने दुसऱ्याचा उल्लेख केला की नाही, यावरून विचाराची वंशावळ उलगडते. नॅनोतंत्रज्ञानासारख्या अगदी नव्या क्षेत्राची वाटचाल अभ्यासक याच रीतीने मोजतात. अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाने त्यासाठी २००४ साली ९७७ क्रमांकाचा वेगळा वर्गच उघडला होता. इतिहासाच्या विद्यार्थ्याला बखरी आणि सनदा जुळवून पाहण्याची सवय असते. ही रीत तीहून फारशी निराळी नाही. तीच मी जगदीशचंद्रांच्या आयुष्याला लावून पाहिली.

जगदीशचंद्रांचा जन्म ३० नोव्हेंबर १८५८ चा, पूर्व बंगालमधला. वडील भगवानचंद्र सरकारी अधिकारी होते; तरीही मुलाला त्यांनी आधी बंगाली शाळेत घातले. पुढे कलकत्त्याच्या सेंट झेवियर्समध्ये फादर लाफाँ यांच्यामुळे पदार्थविज्ञानाची गोडी लागली. १८८० मध्ये वैद्यक शिकण्यासाठी ते इंग्लंडला गेले. तापाने जर्जर झाल्यामुळे ते सोडून केंब्रिजला विज्ञानाकडे वळले. तेथे लॉर्ड रॅले यांच्यासारखे गुरू लाभले.

१८८५ साली ते कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात प्राध्यापक झाले. त्या काळी हिंदी प्राध्यापकाला युरोपीय प्राध्यापकाच्या दोनतृतीयांश पगार मिळे. नेमणूक हंगामी असल्याने जगदीशचंद्रांच्या हाती त्याचाही निम्माच यायचा. त्यांनी भांडण केले नाही, राजीनामा दिला नाही. तीन वर्षे नित्यनेमाने शिकवले आणि पगाराला हात लावला नाही. अखेर सरकारने पूर्ण पगार मागील बाकीसह दिला, आणि त्यातून वडिलांचे कर्ज फेडण्यास हातभार लागला. ज्याने पैशाला असा नकार दिला, त्याने पुढे पेटंटालाही दिला, यात मला नवल वाटत नाही.

आपल्या छत्तिसाव्या वाढदिवशी, म्हणजे १८९४ साली, त्यांनी संशोधनाला वाहून घेण्याचे ठरवले. हर्ट्झने विद्युतचुंबकीय लहरी दाखवून तेव्हा थोडीच वर्षे झाली होती. जगदीशचंद्रांनी स्थानिक कारागिराच्या मदतीने उपकरणे घडवली आणि लहरींची लांबी सुमारे ५ मिलिमीटरपर्यंत खाली आणली. मे १८९५ मध्ये त्यांचा पहिला निबंध कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीपुढे आला. त्याच सुमारास टाऊन हॉलमध्ये त्यांनी भिंतींपलीकडे लहरी पाठवून घंटा वाजवून दाखवली आणि दारूचा स्फोट घडवला. जानेवारी १८९७ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांचे व्याख्यान झाले.

येथून कागदांची खरी गोष्ट सुरू होते. एप्रिल १८९९ मध्ये रॉयल सोसायटीपुढे त्यांचा एक निबंध वाचला गेला. लहरी टिपून पुन्हा आपोआप पूर्वस्थितीत येणारे साधन त्यात वर्णिले होते. लोखंड आणि पारा यांच्या स्पर्शाचे, टेलिफोनच्या श्रवणयंत्राला जोडलेले असे ते होते. निबंध छापला गेला व कोणालाही वाचण्यास खुला झाला. सप्टेंबर १९०१ मध्ये मार्कोनीने पाऱ्याच्या अशाच साधनासाठी ब्रिटनमध्ये पेटंटचा अर्ज केला. ते साधन त्याला इटालियन नौदलातील सोलारी यांच्याकडून मिळाले होते. त्याच वर्षी १२ डिसेंबरला न्यूफाउंडलंडमध्ये मार्कोनीने अटलांटिकपलीकडून आलेला संदेश ऐकला, तो या साधनाच्या साहाय्याने. याचा खरा जनक कोण, यावर इटलीत मोठा वाद झाला. त्या वादात अनेक नावे आली; कलकत्त्याचे नाव मात्र मागे राहिले. १९०९ चे नोबेल पारितोषिक मार्कोनी व ब्राउन यांना मिळाले. पुढे १९९८ मध्ये प्रबीर बंद्योपाध्याय यांनी हे निबंध व पेटंटे तारखेवार लावून या साधनाचे मूळ जगदीशचंद्रांच्या १८९९ च्या निबंधात असल्याचे मांडले. जवळजवळ शंभर वर्षांनंतर साक्ष दिली ती छापील कागदाने.

आता दुसरा कागद पाहू. मे १९०१ मध्ये लंडनला एका तार कंपनीच्या धनाढ्य मालकाने जगदीशचंद्रांना पेटंट घेण्याची गळ घातली आणि नफ्यात भागी देऊ केली. त्यांनी ती नाकारली व ही हकीकत मित्र रवींद्रनाथांना पत्राने कळवली. ज्ञानाचा बाजार त्यांना मान्य नव्हता. पण भगिनी निवेदिता आणि अमेरिकेतील सारा बुल यांच्या आग्रहामुळे ३० सप्टेंबर १९०१ रोजी अमेरिकेत एक अर्ज दाखल झाला. २९ मार्च १९०४ रोजी ७५५८४० क्रमांकाचे पेटंट मिळाले. त्यात अर्धा वाटा सारा बुल यांच्या नावे आहे. गॅलेना, म्हणजे शिशाचे खनिज, वापरून लहरी टिपण्याचे हे साधन होते. जगदीशचंद्रांनी त्यापासून एक पैसाही मिळवला नाही. ते पेटंट तसेच सरून जाऊ दिले. १९०६ मध्ये पिकार्ड यांना सिलिकॉनच्या साधनाचे पेटंट मिळाले. पुढे घरोघरी स्फटिकाचे रेडिओ वाजू लागले, त्यांतही गॅलेना असे. १९४७ मध्ये ट्रान्झिस्टर घडवणाऱ्यांपैकी ब्रॅटन यांनी १९५५ साली पिअर्सन यांच्यासह अर्धवाहकांचा इतिहास लिहिला, तेव्हा जगदीशचंद्रांचे अग्रस्थान त्यांनी नोंदले. सरून गेलेल्या पेटंटाला पैसा लाभला नाही, पण वंशावळीत जागा लाभली.

जे छापले जात नाही त्याचे काय होते, हेही त्यांनी अनुभवले. जून १९०१ मध्ये वनस्पतींच्या विद्युत प्रतिसादावर त्यांनी रॉयल सोसायटीत प्रयोग दाखवले. शरीरशास्त्रज्ञ बर्डन सँडरसन यांनी हरकत घेतली आणि तो निबंध प्रसिद्ध न होता दप्तरात पडला. काही महिन्यांतच वॉलर या शास्त्रज्ञाने तशाच निष्कर्षांवर आपला अग्रहक्क सांगितला. लिनियन सोसायटीने चौकशी केली, आधीचे छापील मुद्रित पाहिले, आणि निवाडा जगदीशचंद्रांच्या बाजूने झाला. ते मुद्रित नसते तर?

३० नोव्हेंबर १९१७ रोजी त्यांनी कलकत्त्यात बोस विज्ञान मंदिर स्थापले आणि तेथील शोधांवर पेटंट घ्यायचे नाही असे ठरवले. १९२० मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. २३ नोव्हेंबर १९३७ रोजी गिरिडीह येथे त्यांनी देह ठेवला. मिलिमीटर लहरींवरील त्यांच्या प्रयोगांचा गौरव विद्युत अभियंत्यांच्या जागतिक संस्थेने २०१२ मध्ये कलकत्त्यात केला.

या चरित्राला आपण त्यागाची कथा म्हणून वंदन करतो आणि पुढे जातो. मला ते पुरेसे वाटत नाही. पेटंटाचा त्याग आणि नोंदीचा त्याग या दोन निराळ्या गोष्टी आहेत. जगदीशचंद्रांनी पहिला केला, दुसरा कधीच नाही. हक्क सोडताना त्यांनी तारीख सोडली नाही. निबंध वेळेवर लिहिले, छापून घेतले आणि प्रसंगी त्यांच्यासाठी उभे राहिले. म्हणूनच मार्कोनीचा व्यापार कितीही वाढला तरी मूळ शोधणाऱ्याला कलकत्त्यापर्यंत पोचता आले. मात्र कागद जपला म्हणून कारखाना उभा राहत नाही. जगदीशचंद्रांनी शोध जगाला दिला. त्यापासून वस्तू घडवणारे हात त्या काळी आपल्या देशात नव्हते, आणि परकी राजवटीला ते घडवण्याची निकड नव्हती. ही उणीव एका माणसाच्या उदारपणाच्या माथी मारणे न्याय्य नव्हे.

आपण कलाशाखेचे विद्यार्थी शोध लावणार नाही कदाचित. पण कोणी काय केव्हा लिहिले हे तपासणे, आणि ज्याचे घेतले त्याचे नाव घेणे, हे काम आपले आहे. साधा प्रकल्प-अहवाल लिहितानाही ते सुरू होते. सोलारींच्या टेबलावरून मार्कोनीच्या खोलीत गेलेल्या त्या नळीवर एक नाव लिहिलेले असते, तर त्यासाठी शंभर वर्षे थांबावे लागले नसते.