नामदार गोखले

मिठावाचून अन्नाला चव नाही, हे लहान मूलही जाणते. परंतु मीठ केवळ चवीसाठी लागते असे नाही. उन्हातान्हात राबणाऱ्या माणसाच्या अंगातील मीठ घामावाटे जाते, आणि ते भरून निघाले नाही तर त्याची शक्ती खचते. गुराढोरांनाही मीठ लागते. इंग्रजी राजवटीत अशा या जिनसेवर जबर कर असे. १८८८ साली सरकारने तो मणामागे दोन रुपयांवरून अडीच रुपयांवर नेला. मिठागरात मीठ पिकविण्यास जो खर्च येई, त्याच्या कितीतरी पट हा कर होता. कोकणातील मीठ बोरघाट चढून लोणावळा, वलवण अशा मावळातील गावी येई, तेव्हा त्याच्या किमतीत या कराचाच भाग मोठा असे. श्रीमंताच्या घरी माणशी जेवढे मीठ लागे तेवढेच, किंबहुना थोडे अधिकच, भातखाचरात राबणाऱ्या मजुराच्या घरी लागे. आणि म्हणून ज्याच्यापाशी काहीच नाही त्याच्यावर या कराचा भार सर्वांत जास्त पडे. या कराबद्दल खुद्द व्हाइसरॉयसमोर सरकारला वर्षानुवर्षे जाब विचारणारे गृहस्थ म्हणजे नामदार गोपाळ कृष्ण गोखले होत.

गोपाळरावांचा जन्म ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक या गावी झाला. वडील कृष्णराव कागल संस्थानात नोकरीस होते. १८७९ साली ते वारले, तेव्हा गोपाळ अवघा तेरा वर्षांचा होता. थोरले बंधू गोविंदराव यांनी स्वतःचे शिक्षण सोडून पंधरा रुपयांची नोकरी धरली आणि त्यांतले आठ रुपये ते दरमहा गोपाळाच्या शिक्षणासाठी पाठवू लागले. उरलेल्या सात रुपयांत घर चाले! या आठ रुपयांतील एकेका आण्याचा हिशेब गोपाळाच्या मनात असे. एकदा एका मित्राने त्याला नाटकाला नेले आणि मागाहून तिकिटाचे पैसे मागितले. ती तूट भरून काढण्यासाठी गोपाळाने दिव्याच्या तेलाचा खर्च तोडला व रस्त्यावरच्या दिव्याखाली अभ्यास केला, असे सांगतात. पुढे ज्याने साऱ्या हिंदुस्थानच्या जमाखर्चाची झडती घेतली, त्याचे हिशेबाचे पहिले धडे हे असे झाले.

१८८४ साली ते बी. ए. झाले. मनात आणते तर त्यांना चांगल्या पगाराची सरकारी नोकरी मिळाली असती. परंतु त्यांनी पुण्यात न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षकाचे काम पत्करले आणि पुढे फर्ग्युसन कॉलेजात, पंचाहत्तर रुपयांच्या वेतनावर, ते प्राध्यापक झाले. त्यांनी लिहिलेले अंकगणिताचे पुस्तक अनेक वर्षे शाळाशाळांतून चालत होते.

याच सुमारास न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्याशी त्यांचा परिचय झाला. रानडे यांच्या हाताखाली शिकणे ही सोपी गोष्ट नव्हती. सार्वजनिक सभेतर्फे सरकारकडे जे अर्ज जात, त्यांसाठी सरकारी अहवालांचे ढीग वाचावे लागत आणि प्रत्येक आकडा पारखून घ्यावा लागे. महिनोन्महिने खपून असा अर्ज तयार करावा, आणि सरकारकडून उत्तर यावे ते एका ओळीचे, की अर्ज पोचला. तरुण गोपाळरावांना याचा विषाद वाटला. तेव्हा रानडे यांनी त्यांना समजावले की, हे अर्ज नावाला सरकारकडे जातात, पण खरे पाहता ते आपल्याच लोकांना विचार करावयास शिकविण्यासाठी असतात. ही गोष्ट गोपाळराव कधी विसरले नाहीत.

१८९७ हे साल त्यांच्या आयुष्यात फार कठीण गेले. हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करण्यासाठी इंग्लंडात वेल्बी कमिशन बसले होते आणि त्यापुढे साक्ष देण्यासाठी गोपाळराव लंडनला गेले होते. त्यांची साक्ष उत्तम झाली. त्यांचे वय त्या वेळी तीस वर्षांचे होते आणि उलटतपासणी घेणारे मुरलेले अधिकारी होते. तरी त्यांचा एकही आकडा डळमळला नाही. परंतु इकडे पुण्यात प्लेगने कहर केला होता. प्लेगच्या बंदोबस्तासाठी सरकारने रँड या अधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती आणि घरोघरच्या झडत्यांसाठी गोरे सोल्जर लावले होते. रोग हटविण्यासाठी झडती आवश्यक असेलही. पण देवघरात, माजघरात बूट घालून शिरणाऱ्या सोल्जरांनी लोकांची मने दुखावली. पुण्याहून मित्रांची पत्रे गोपाळरावांना जात होती. सोल्जरांनी स्त्रियांवर अत्याचार केल्याचे त्यांत लिहिले होते. त्या पत्रांवर विश्वास ठेवून त्यांनी तो आरोप विलायतेतील वर्तमानपत्रात प्रसिद्ध केला.

सरकारने पुरावा मागितला. जुलै महिन्यात स्वदेशी परत आल्यावर गोपाळराव पुरावा गोळा करू लागले; पण भीतीमुळे म्हणा किंवा लाजेमुळे म्हणा, एकही मनुष्य पुढे येऊन सांगावयास तयार होईना. मित्रांची नावे सांगून स्वतः मोकळे होण्याची वाट खुली होती, पण त्यांनी ती घेतली नाही. सर्व दोष स्वतःवर घेऊन त्यांनी गव्हर्नरांची, प्लेग समितीची आणि सोल्जरांचीही बिनशर्त माफी मागितली. त्यामुळे त्यांच्यावर चहूकडून टीका झाली. स्वकीयांनी भित्रे म्हटले आणि इंग्रजांनी खोटे म्हटले. लोकांचे हाल झाले नव्हते, असे कोणीच म्हणणार नाही. परंतु जी गोष्ट सिद्ध करता येत नाही ती बोलण्याचा आपणांस अधिकार नाही, असे गोपाळरावांचे मत होते. प्लेगने पुण्यात पुन्हा डोके वर काढले, तेव्हा हेच गोपाळराव स्वयंसेवक होऊन रोग्यांच्या वस्तीत काम करीत हिंडत होते.

१८९९ च्या अखेरीस ते मुंबईच्या कायदे कौन्सिलात निवडून आले. दुष्काळाने गांजलेल्या शेतकऱ्यांच्या जमिनीसंबंधी सरकारने १९०१ साली जे बिल आणले, ते अपायकारक आहे असे दिसताच फिरोजशहा मेहता आणि गोखले प्रभृती सभासद सभा सोडून बाहेर पडले. त्या काळी ही गोष्ट अपूर्व होती. पुढे फिरोजशहांनी सोडलेल्या जागेवर गोपाळराव व्हाइसरॉयच्या वरिष्ठ कौन्सिलात निवडून गेले.

हे कौन्सिल म्हणजे आजच्या विधानसभेसारखी सभा नव्हे. त्यात सरकारी अधिकाऱ्यांची संख्या नेहमीच जास्त असे. १८९२ च्या कायद्याने सभासदांना प्रश्न विचारण्याची व अंदाजपत्रकावर बोलण्याची मुभा मिळाली होती. परंतु उत्तर अपुरे वाटले तर त्यावर दुसरा प्रश्न विचारता येत नसे, आणि अंदाजपत्रकावर मत देता येत नसे. उपप्रश्न विचारण्याचा व ठराव मांडण्याचा अधिकार मिळावयास १९०९ साल उजाडावे लागले. थोडक्यात, गोपाळरावांच्या हाती होते ते केवळ शब्द आणि आकडे.

२६ मार्च १९०२ रोजी त्यांनी अंदाजपत्रकावरील आपले पहिले भाषण केले. खर्च भागून कोट्यवधी रुपये शिल्लक राहिल्याचे सरकारने मोठ्या समाधानाने सांगितले होते. देश भरभराटीस येत आहे याचीच ती खूण, असा सरकारचा दावा होता. अध्यक्षस्थानी लॉर्ड कर्झन होते. गोपाळरावांनी शांतपणे सरकारचेच अहवाल पुढे ठेवले. लागोपाठ दोन भयंकर दुष्काळ पडले, प्लेग चालूच आहे, मृत्यूचे प्रमाण वाढत आहे आणि गरिबाला मीठसुद्धा पुरेसे घेता येत नाही. अशा देशाच्या तिजोरीत पैसा उरत असेल, तर ती भरभराटीची खूण नसून कर गरजेपेक्षा जास्त घेतले जात असल्याची खूण आहे, असे त्यांनी दाखवून दिले. भाषण संपले तेव्हा त्यांच्याशी मतभेद असलेल्यांनाही त्या तयारीचे कौतुक वाटले.

या तयारीत एका शिक्षकाचा मोठा वाटा होता. गणेश व्यंकटेश जोशी हे सरकारी शाळेतील मुख्याध्यापक अर्थशास्त्राचे व आकडेशास्त्राचे गाढे अभ्यासक होते. अंदाजपत्रक हाती आले की गोपाळराव त्यांचा सल्ला घेत आणि दोघे मिळून जमाखर्चाची छाननी करीत. कौन्सिलात नाव झाले ते गोखल्यांचे. जोशांना त्याची खंत नव्हती.

मिठावरील कराचा प्रश्न गोपाळरावांनी दरवर्षी उचलला. कर वाढला तेव्हा मिठाचा खप कसा खुंटला आणि त्याचा लोकांच्या व जनावरांच्या प्रकृतीवर कसा परिणाम होतो, हे ते मांडीत. १९०३ साली सरकारने कर आठ आण्यांनी उतरविला. खप वाढला. गोपाळरावांनी तोच वाढलेला खप पुढे करून आणखी सूट मागितली. १९०५ साली कर दीड रुपयावर आला, आणि १९०७ साली एका रुपयावर. कराची ही घट केवळ त्यांच्या भाषणांमुळे झाली असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. सरकारच्या तिजोरीत पैसा होता. पण तो मिठावरून उतरवा, हे सातत्याने सांगणारा कोणी तरी हवा होता.

शिलकेचा पैसा लोकांच्या आरोग्यावर खर्च करा, हीही त्यांची मागणी असे. गावोगावच्या नगरपालिकांना शुद्ध पाणी व गटारे यांसाठी सरकारने मदत द्यावी. त्या बिचाऱ्यांचे उत्पन्न ते केवढे आणि ही कामे केवढी! हे बोलणे पुस्तकी नव्हते. त्याच काळात ते स्वतः पुण्याच्या नगरपालिकेचे अध्यक्ष होते, आणि प्लेगच्या शहरात तुंबलेले गटार म्हणजे काय, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. पुढील वर्षांत सरकारने सार्वजनिक स्वच्छतेसाठी वेगळ्या रकमा देण्यास आरंभ केला.

सर्वच ठिकाणी त्यांना यश आले नाही. प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत करण्यासाठी १९११ साली त्यांनी आणलेले बिल पुढल्या वर्षी १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले. आपले बिल पडणार हे त्यांना आधीच दिसत होते, तरीही त्यांनी ते शेवटपर्यंत लढविले.

देशासाठी सारे आयुष्य देणारे सेवक तयार व्हावेत म्हणून १९०५ साली त्यांनी पुण्यास भारत सेवक समाज स्थापन केला होता. त्याच वर्षी काशी येथील काँग्रेसचे ते अध्यक्ष झाले. मधुमेहाने शरीर पोखरले होते. पण प्रवास व काम थांबले नाही. फेब्रुवारी १९१५ मध्ये, मृत्यूला अवघे दोन दिवस उरले असताना, हिंदुस्थानला कोणते राजकीय अधिकार द्यावेत याचा मसुदा ते पेन्सिलीने लिहीत होते. १९ फेब्रुवारी रोजी पुण्यात, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. लोकमान्य टिळक त्या वेळी सिंहगडावर होते. ज्यांच्याशी पंचवीस वर्षे वाद केला, त्या गोपाळरावांच्या मृत्यूचे वृत्त कळताच ते तातडीने गड उतरून अंत्ययात्रेस आले, आणि स्मशानात त्यांच्या चितेपाशी उभे राहून बोलले.