पिरॅमिड बघायला गेलेली अमेलिया

१८७३ साल. फ्रान्समध्ये पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता. चित्रं काढत भटकायला आलेल्या दोन इंग्रज मैत्रिणी, अमेलिया एडवर्ड्स आणि ल्यूसी रेनशॉ, पार वैतागल्या. जरा ऊन मिळावं म्हणून निघाल्या आणि नोव्हेंबरअखेर थेट कैरोला जाऊन थडकल्या. सोबत ना नवरा, ना भाऊ.

अमेलिया तेव्हा ४२ वर्षांची होती. चाळिशी उलटली की आता काय राहिलं, असं आपल्याकडे अजूनही बायका म्हणतात. हिचं खरं आयुष्य तर इथून सुरू झालं! जन्म लंडनचा, १८३१ चा. शिक्षण घरीच, आईच्या हाताखाली. १८६० मध्ये आईवडील दोघंही पाठोपाठ गेले. लग्न केलं नव्हतं. कादंबऱ्या आणि वर्तमानपत्रांतले लेख लिहून ती आपलं आपण भागवत होती.

कैरोला पोचल्यावर लवकरच ती गीझाचे पिरॅमिड बघून आली. लांबून दिसले तेव्हा तिची चक्क निराशा झाली. चित्रांत पाहिलेलेच त्रिकोण! पण वाळूचा चढ चढून ती पायथ्याशी उभी राहिली आणि तो डोंगराएवढा दगडी पसारा डोक्यावर आला, तेव्हा तिला शब्द सुचेना. तीनचार महिने नाईलमधून फिरून परतल्यावर ती अरब वाटाड्यांच्या मदतीने मोठ्या पिरॅमिडच्या माथ्यावरही चढली. लांब झग्यात, बरं का! एकेक पायरी कमरेएवढी. वरून एका बाजूला नाईलकाठची हिरवी शेतं, दुसऱ्या बाजूला नजर पोचेल तिथवर वाळवंट.

मधल्या काळात शिडाच्या होडीतून ती पार अबू सिंबेलपर्यंत गेली. तिथे रामसेस राजाच्या प्रचंड पुतळ्याच्या तोंडावर पांढरे डाग होते. पूर्वी कुणीतरी चेहऱ्याचा साचा घेतला होता, त्याचं प्लास्टर तसंच राहिलेलं. अमेलियाने होडीवरच्या खलाशांना वर चढवलं, प्लास्टर खरवडून काढलं आणि राहिलेले डाग झाकायला कॉफी फासली! दगडाचा रंग जमेपर्यंत इतकी कॉफी लागली की स्वयंपाकी हवालदिल झाला. आज असं कुणी केलं तर पोलीस धरतील. पण त्या वेळी एवढी तरी काळजी कोण घेत होतं?

प्रवासी भिंतींवर नावं कोरत होते, चित्रं उखडून नेत होते. गावकरी थडगी उकरून सापडेल ते विकत होते. अमेलियानेही वस्तू विकत घेतल्या, हे सांगायलाच हवं. पण ही लूट तिच्या मनाला लागून राहिली. घरी आल्यावर तिने चित्रलिपीचा अभ्यास केला आणि १८७७ मध्ये या प्रवासाचं जाडजूड पुस्तक काढलं. नंतर कादंबऱ्या लिहिणंही सोडलं. हातखर्चाची सोय सोडून अशा कामात पडायला जिगर लागते. १८८२ मध्ये तिने इजिप्तमध्ये शास्त्रशुद्ध उत्खननासाठी निधी उभारणारी संस्था काढली. पैसे मागणारी पत्रं ढिगाने स्वतःच्या हाताने लिहिली.

फ्लिंडर्स पेट्री हा तरुण गीझाला एका जुन्या थडग्यात मुक्काम ठोकून पिरॅमिडची मापं घेत होता. त्याची चिकाटी तिने हेरली. पुढे संस्थेशी त्याचं बिनसलं, तेव्हाही तिने त्याच्यासाठी देणगीदार शोधले. १८८९-९० मध्ये अमेरिकेत तिने शंभरावर व्याख्यानं दिली. मध्येच पडून हात मोडला, तरी दौरा थांबवला नाही.

१८९१ मध्ये लंडनच्या गोदीत, थंडीवाऱ्यात, इजिप्तहून आलेल्या पेट्या उतरवून घेताना तिने दुखणं ओढवून घेतलं. जानेवारी १८९२ मध्ये जिच्यासोबत ती वर्षानुवर्षं राहिली ती एलन ब्रेशर गेली आणि एप्रिलमध्ये अमेलियाही. दोघींना ब्रिस्टलजवळ हेनबरीच्या चर्चच्या आवारात शेजारी पुरलंय. थडग्यावर दगडी अंख आहे, इजिप्तचं जीवनचिन्ह.

आपला संग्रह, पुस्तकं आणि पैसा तिने युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनला दिला. कारण स्वच्छ होतं: तिथे बायकांना पदवी मिळत होती. केंब्रिजने ती पूर्णपणे द्यायला १९४८ साल उजाडलं! या पैशातून ब्रिटनमधलं इजिप्तविद्येचं पहिलं प्राध्यापकपद निर्माण झालं आणि त्यावर पेट्री आले. १८९४ मध्ये त्यांच्या वर्गात कोलकात्यात जन्मलेली मार्गारेट मरे दाखल झाली. तिनेही तिशी ओलांडली होती. पुढे वर्षानुवर्षं तो विषय तिथे तीच शिकवत होती.