सरहद्दी सांधणारा माणूस : जॉर्ज नागेलमाकर्स

आमच्या पिढीच्या बेळगावकरांना मिरज स्टेशनचा विसर पडणे शक्य नाही. १९७१ साली पुण्याकडून रुंद रूळ मिरजेपर्यंत आले. पुढे बेळगाव-लोंढ्याकडे मात्र अरुंद मीटरगेजच राहिले. त्यामुळे मुंबईहून निघालेला माणूस भल्या पहाटे मिरजेला उठवला जाई. झोपलेली पोरे खांद्यावर, वळकटी काखेत, ट्रंक हमालाच्या डोक्यावर, असा सारा संसार एका फलाटावरून दुसऱ्या फलाटावर जाई. वडील म्हणत, ही यातायात काहीच नव्हे. गोव्यात पोर्तुगीजांचे राज्य असताना कॅसलरॉकला एका सरकारची आणि कुळ्याला दुसऱ्या सरकारची झडती असे. भाषा, नातीगोती आणि देवदर्शन यांना न दिसणारी रेघ ट्रंकेच्या कुलपाला मात्र बरोबर दिसे.

एकच डबा इथून तिथपर्यंत का जाऊ शकत नाही, हा माझा बालपणीचा प्रश्न होता. हाच प्रश्न शंभर वर्षांपूर्वी एका बेल्जियन तरुणाला पडला होता आणि त्याने आपले सारे आयुष्य त्याच्या उत्तरापायी वेचले, हे मला पुढे अध्यापक झाल्यावर वाचनात आढळले. त्याच्या गाडीचे नाव जगाला ठाऊक आहे, अगाथा ख्रिस्तीच्या १९३४ सालच्या कादंबरीमुळे तर घरोघरी. त्याचे स्वतःचे नाव मात्र फारसे कोणी घेत नाही. म्हणून हा परिचय.

जॉर्ज नागेलमाकर्स १८४५ साली बेल्जियममधील लिएज शहरी जन्मला. घराणे पिढीजात सावकारांचे. त्यांची पेढी अठराव्या शतकापासून चालत आलेली आणि राजघराण्याशी घरोबा असलेली. मुलाने शिकावे आणि पेढीवर बसावे एवढीच अपेक्षा. पण ऐन तारुण्यात जॉर्ज आपल्याहून वयाने मोठ्या असलेल्या एका नात्यातल्या तरुणीच्या प्रेमात पडला. तिकडून प्रतिसाद नव्हता. मुलगा खंगू लागलेला पाहून घरच्यांनी हवापालट म्हणून त्याला अमेरिकेस धाडले. हे साल १८६७-६८ चे.

दुःख विसरण्यासाठी गेलेला हा तरुण तेथे आगगाडीने खूप हिंडला. अमेरिकेत त्या वेळी जॉर्ज पुलमन याचे रात्रीचे डबे धावू लागले होते. दिवसा बसावयाच्या बाकांचे रात्री बिछाने होत आणि माणूस झोपेतच शेकडो मैल काटी. नागेलमाकर्सला कल्पना आवडली. तिच्यातली उणीवही त्याने हेरली. पुलमनच्या डब्यात सारे प्रवासी एकाच मोठ्या दालनात, केवळ पडद्याच्या आडोशाने झोपत. युरोपातल्या लोकांना हे रुचणार नाही, त्यांना दार लावून घेता येईल अशी खोलीच हवी, हे त्याने ओळखले. दुसऱ्याची युक्ती जशीच्या तशी न उचलता आपल्या मातीला मानवेल अशी करून घेणे, हा त्याचा पहिला गुण.

दुसरी अडचण फार मोठी होती. अमेरिका एक देश. युरोपात डझनावारी राज्ये आणि प्रत्येकात निरनिराळ्या रेल्वे कंपन्या. कोणाचे ब्रेक वेगळे, कोणाचे नियम वेगळे, कोणाचे वेळापत्रक वेगळे. प्रवाशाला सरहद्दीवर उतरावे लागे, सामान उघडून दाखवावे लागे आणि पुढची गाडी शोधावी लागे. १८७० च्या एप्रिलमध्ये जॉर्जने एक पुस्तिका काढून युरोपखंडाच्या सर्व रेल्वेमार्गांवर झोपण्याचे डबे चालविण्याची योजना मांडली. तीनच महिन्यांत फ्रान्स आणि प्रशिया यांच्यात युद्ध पेटले. ज्या सरहद्दी त्याला ओलांडावयाच्या होत्या, त्यांवरून तोफा जाऊ लागल्या.

त्याने दम धरला. १८७२ साली थोडेसे डबे घेऊन त्याने आपली कंपनी उभी केली. ऑस्टेंड-बर्लिन आणि पॅरिस-व्हिएन्ना यांसारख्या मार्गांवर ते डबे दुसऱ्यांच्या गाड्यांना जोडले जाऊ लागले. पैसा मात्र अपुरा पडला. १८७३ मध्ये कर्नल विल्यम मान या अमेरिकन गृहस्थाशी त्याला भागीदारी करावी लागली आणि डब्यांवर नागेलमाकर्सऐवजी मानचे नाव झळकू लागले. हा अपमान त्याने तीन वर्षे गिळला. १८७६ च्या डिसेंबरात मानचा वाटा सोडवून घेऊन त्याने आंतरराष्ट्रीय शयनयान कंपनी स्थापन केली. भागधारकांच्या यादीत बेल्जियमचा राजा दुसरा लिओपोल्ड याचे नाव होते. त्या नावाने अनेक बंद दारे उघडली. याच राजाच्या कारभारात पुढे कांगोमधील लोकांवर अमानुष अत्याचार झाले, हेही येथे सांगितले पाहिजे. व्यवसायाला लागणारा वशिला कोणाच्या दारातून येतो, हे उद्योजकाच्या चरित्रात झाकून ठेवणे बरे नव्हे.

आता या कंपनीच्या व्यवहाराची खुबी पाहा. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांनी ती विशेष ध्यानात घ्यावी. नागेलमाकर्सकडे स्वतःचा एक फूटही रूळ नव्हता आणि एकही इंजिन नव्हते. होते ते फक्त डबे, नोकर आणि करारपत्रे. प्रवासी पहिल्या वर्गाचे नेहमीचे भाडे त्या त्या रेल्वेला देई आणि बिछान्यासाठी वरची रक्कम नागेलमाकर्सच्या कंपनीला. रेल्वेला डबे बांधण्याचा खर्च न करता श्रीमंत गिऱ्हाईक मिळे. कंपनीला रूळ न टाकता खंडभर फिरता येई. दोघांचाही फायदा असल्यावाचून करार टिकत नाही, हे सावकाराच्या पोराला कोणी शिकवावे लागले नाही. पण एका मार्गासाठी सात-आठ कंपन्यांची आणि तितक्याच सरकारांची संमती मिळविणे म्हणजे केवढी चिकाटी! एकाने नकार दिला की साखळी तुटलीच.

आणखी एक बारकावा मला फार मोलाचा वाटतो. प्रत्येक डब्यावर एक कंडक्टर असे. तो रात्री प्रवाशांची तिकिटे आणि पासपोर्ट आपल्यापाशी ठेवून घेई. सरहद्द आली की अधिकाऱ्यांना कागद तोच दाखवी. झोपलेल्याला शक्यतो उठवावे लागत नसे. सरहद्द पुसण्याची ताकद नागेलमाकर्सजवळ नव्हती, पण तिच्यामुळे माणसाची झोप मोडू नये एवढी व्यवस्था त्याने केली.

४ ऑक्टोबर १८८३ च्या संध्याकाळी पॅरिसहून त्याची ओरिएंट एक्सप्रेस निघाली. निवडक पाहुण्यांत लेखक एदमों आबू आणि लंडनच्या टाइम्सचा वार्ताहर ब्लोविट्झ हे होते. दोघांनीही पुढे या प्रवासावर लिहिले. म्युनिक, व्हिएन्ना, बुडापेस्ट, बुखारेस्ट अशी गाडी गेली. पण कॉन्स्टॅंटिनोपलपर्यंत सलग रूळ तेव्हा नव्हतेच! डॅन्यूबच्या काठी जुर्जू येथे पाहुण्यांनी उतरून नावेने नदी ओलांडली. पलीकडे रुसेहून दुसऱ्या गाडीने ते वार्ना बंदरात गेले आणि तेथून आगबोटीने कॉन्स्टॅंटिनोपलला पोहोचले. म्हणजे जगातल्या त्या प्रसिद्ध गाडीच्या पहिल्या फेरीतही एक मिरज होतेच. सलग रूळ जोडले गेले ते १८८९ मध्ये; मग सुमारे ३००० किलोमीटरचा हा प्रवास ६७-६८ तासांत होऊ लागला.

पुढची पंधरा-वीस वर्षे भरभराटीची. १८८७ मध्ये स्पेन-पोर्तुगालकडे जाणारी सूद एक्सप्रेस आणि १८९६ मध्ये सेंट पीटर्सबर्गची नॉर्द एक्सप्रेस सुरू झाली. रशियाचे रूळ १५२४ मिलिमीटरचे आणि बाकी युरोपचे १४३५ चे, त्यामुळे तेथे सरहद्दीवर गाडी बदलावी लागेच. रुळांच्या रुंदीपुढे करारपत्राचे काही चालत नाही. १८९० पासून हिंदुस्थानच्या टपालाबरोबर जाणाऱ्या प्रवाशांसाठी कॅले ते ब्रिंडिसी अशी गाडी धावू लागली; ब्रिंडिसीहून पी. अँड ओ. च्या आगबोटी सुएझमार्गे पूर्वेकडे निघत. प्रवासी उतरले की त्यांना राहावयास जागा हवी, म्हणून कंपनीने हॉटेलेही काढली. इस्तंबूलचे पेरा पॅलेस त्यांपैकीच. संकटेही आली. १८९१ मध्ये चेर्केझकॉयजवळ दरोडेखोरांनी ओरिएंट एक्सप्रेस रुळांवरून पाडून काही प्रवाशांना ओलीस धरले आणि खंडणी घेऊनच सोडले.

१९०५ च्या जुलैमध्ये, साठाव्या वर्षी, पॅरिसजवळ व्हिलप्रो येथे नागेलमाकर्स निवर्तला. आपल्या गाड्यांच्या मार्गांवर पुढे खंदक खणले जातील, हे पाहण्याची पाळी त्याच्यावर आली नाही. दैवाचा खेळ असा की, ११ नोव्हेंबर १९१८ रोजी पहिल्या महायुद्धाच्या युद्धबंदीवर सह्या झाल्या त्या त्याच्याच कंपनीच्या २४१९ क्रमांकाच्या भोजनाच्या डब्यात. १९४० च्या जूनमध्ये हिटलरने सूड म्हणून तोच डबा त्याच जागी आणवून फ्रान्सकडून शरणागती लिहून घेतली. सरहद्दी सांधण्यासाठी बांधलेला डबा सरहद्दी पुन्हा आखण्याच्या कामी आला. पॅरिस-इस्तंबूल ही थेट गाडी १९७७ च्या मे महिन्यात कायमची थांबली.

नागेलमाकर्सला मी संत ठरवीत नाही. त्याचे बिछाने धनिकांसाठी होते. लाकडी बाकावर रात्र काढणाऱ्या मजुरासाठी त्याने काही केल्याचे मला आढळले नाही. खाजगी चालक गिऱ्हाईक पाहतो, प्रजा नव्हे, हा फरक त्याच्या यशातही स्पष्ट दिसतो. आपल्याकडे २०२१ मध्ये भारत गौरव योजना आली आणि २०२२ च्या जूनमध्ये कोइमतूरहून शिर्डीला खाजगी चालकाची पहिली गाडी धावली. इंजिन आणि रूळ रेल्वेचे, व्यवस्था दुसऱ्याची, ही रचना बरीचशी त्याच्याच वळणाची. तिचे गुणदोष तोलताना या बेल्जियन माणसाचे चरित्र उपयोगी पडेल.

आता मिरजेला गाडी बदलावी लागत नाही. पुण्याहून निघालेला डबा सरळ बेळगावला येतो आणि मध्ये केव्हातरी एक राज्य संपून दुसरे सुरू होते. झोपलेल्या मुलाला ते कळतही नाही. ज्या अंकात मराठी आणि कन्नड विभाग एकाच दोऱ्याने शिवलेले असतात, त्याच्या वाचकांना यातले समाधान मी निराळे समजावून सांगावयास नको. रेघा आखणारे पुष्कळ असतात. त्या पुसता येत नसतील तर निदान त्यांवरून माणसांना सुखाने नेणारे थोडे असतात. त्या थोड्यांत नागेलमाकर्सची गणना करावी, एवढेच माझे म्हणणे.